बॉयलरचा गॅस पाइप: गळत नसला तरी पुरतोच असं नाही

घरच्या बॉयलरला गॅस आणणारा पाइप दिसायला साधाच. मीटरपासून किंवा टाकीच्या रेग्युलेटरपासून निघतो, दोन-चार वळणं घेतो आणि बॉयलरखालच्या कॉकपाशी संपतो. पण या पाइपाला दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि त्या अगदी वेगवेगळ्या आहेत. सगळं बंद असताना त्यातून कुठेही गॅस बाहेर येत नाही ना, ही पहिली. बॉयलर पूर्ण ताकदीने पेटलेला असताना त्याला हवा तेवढा गॅस हव्या त्या दाबाने मिळतो ना, ही दुसरी. पहिलीत उत्तम गुण मिळवणारा पाइप दुसरीत सपशेल नापास होऊ शकतो. काम उरकताना पहिली परीक्षा साबणाच्या फेसावर निभावली जाते आणि दुसरी घेतलीच जात नाही, हे फार वेळा घडतं. म्हणून इथे दोन्हींबद्दल सविस्तर.

आधी एक गोष्ट स्पष्ट. पाइप कापणं, झाळणं, जोडणं आणि गॅस सोडणं हे परवाना असलेल्या गॅस फिटरचं काम आहे. बहुतेक देशांत कायदाही तेच सांगतो. घरमालकाने मात्र शेजारी उभं राहून काय बघायचं आणि काय विचारायचं हे जाणून घ्यावं. पुढे येणारे आकडे प्रचलित आणि भरवशाचे आहेत, तरी तुमच्या भागातला नियम किंवा बॉयलरसोबत आलेलं पुस्तक वेगळं सांगत असेल तर तेच पाळायचं.

गॅस कोणता आहे?

पाइपातून येणारा नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, साधारण ०.६ पट. गळला की वर चढतो आणि छताखाली साठतो. टाकीतला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन; प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. तो जमिनीवरून पाण्यासारखा वाहत जाऊन खळग्यात, गटारात, तळघरात बसतो. म्हणूनच तळघरात एलपीजीचा बॉयलर बसवायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर ते मिश्रण पेट घेतं. प्रोपेनची खालची मर्यादा आणखी कमी, साधारण २ टक्के. दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो. तो ओळखीचा कुबट वास मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा असतो आणि धोक्याची पातळी यायच्या बऱ्याच आधी तो नाकाला कळावा अशा बेताने मिसळतात.

बॉयलरपाशी नैसर्गिक गॅसचा दाब साधारण २० ते २१ मिलीबार लागतो, प्रोपेनचा ३७, ब्युटेनचा २८ ते ३०. हा दाब किती नाजूक आहे ते लक्षात घ्या. वातावरणाचा दाब सुमारे १०१३ मिलीबार असतो, म्हणजे पाइपातला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २ टक्के जास्त दाबाखाली आहे. इतक्या कमी दाबावर चालणाऱ्या यंत्रात १ मिलीबार म्हणजे मोठी रक्कम. एका गॅससाठी जुळवलेला बॉयलर दुसऱ्या गॅसवर नुसता जोडून चालत नाही. जेट किंवा गॅस व्हॉल्व्हची मांडणी बदलावी लागते, आणि ती कंपनीने ठरवलेल्या सुट्या भागांनीच.

पाइप किती जाड हवा

सगळ्यात जास्त चूक इथेच होते आणि तिचं कारणही ठरलेलं आहे: बॉयलरच्या खालचं तोंड १५ मिलिमीटरचं दिसलं म्हणून मीटरपासून सगळा पाइप १५ मिलिमीटरचा टाकला जातो. तोंडाच्या मापाचा पाइपाच्या मापाशी काही संबंध नाही. पाइपाचं माप तीन गोष्टी ठरवतात: तासाला किती गॅस जायचा, किती लांब जायचा, आणि वाटेत किती वळणं आहेत.

हिशेब करून पाहू. २४ किलोवॉटचा, अंघोळीचं गरम पाणी आणि घराची ऊब दोन्ही देणारा बॉयलर पूर्ण जोरात तासाला सुमारे २.७ घनमीटर नैसर्गिक गॅस घेतो. मीटरपासून बॉयलरपर्यंत ९ मीटर पाइप आहे आणि वाटेत ६ एल्बो आहेत असं धरा. प्रत्येक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, गॅसला साधारण अर्धा मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. टी, म्हणजे तीन तोंडांच्या जोडातून वळतानाही तेवढाच. पाइप यंत्राने वाकवून केलेलं वळण ०.३ मीटरचं धरतात. म्हणजे हिशेबातली लांबी ९ अधिक ३, एकूण १२ मीटर. वाटेत दाबाची घट १ मिलीबारपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही असं ठरवलं, तर १२ मीटर लांबीतून २२ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप तासाला सुमारे ३.९ घनमीटर गॅस नेतो. १५ मिलिमीटरचा नेतो जेमतेम १.३. व्यास दीडपट झाला की वाहतूक तिप्पट होते, हे कागदावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

तरीही १५ मिलिमीटरचाच टाकला तर? बॉयलर गॅस ओढायला बघणारच. गरजेच्या निम्म्याहून कमी क्षमतेच्या पाइपातून दुप्पट गॅस ओढला की घट दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होते. २१ मिलीबारने निघालेला गॅस बॉयलरपाशी १७ वर येतो. मग पाणी कोमट येतं, शेगडी पेटवली की शॉवर गार पडतो, बॉयलर पेटता पेटता बंद पडून चूक दाखवतो. लोक बॉयलरचे भाग बदलत बसतात आणि दोष भिंतीवरच्या पाइपात असतो.

त्याच पाइपावर शेगडीही असेल तर तिचा १ घनमीटर सामाईक भागात मिळवायचा, आणि ती एक मिलीबारची घट पाइपाच्या तुकड्यांमध्ये वाटून घ्यायची: मीटरपासून फाट्यापर्यंत काही, फाट्यापासून बॉयलरपर्यंत उरलेली. वरच्या उदाहरणात सामाईक भागातून ३.७ घनमीटर जाईल. २२ मिलिमीटरला ते झेपतं, पण काठावर. पुढेमागे मोठा बॉयलर घ्यायचा विचार असेल, तर सामाईक भाग आत्ताच २८ मिलिमीटरचा टाकलेला बरा. भिंत दुसऱ्यांदा फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

एलपीजीच्या बाबतीत पाइप बारीक चालतो, कारण एका घनमीटर प्रोपेनमध्ये नैसर्गिक गॅसच्या जवळजवळ अडीचपट उष्णता असते. तिथे अडचण टाकीपाशी येते. २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण जोरात तासाला सुमारे २ किलो गॅस खातो. द्रवाचा वायू होताना टाकी थंड पडते, आणि स्वयंपाकाच्या एकट्या सिलिंडरला हा वेग फार वेळ सोसत नाही: सिलिंडर बाहेरून ओला होतो, कधी त्यावर बर्फाची साय धरते आणि आत भरपूर गॅस असूनही दाब पडतो. मोठी टाकी किंवा एकत्र जोडलेले अनेक सिलिंडर लागतात ते यासाठी.

सांधे

गॅस सरळ पाइपातून क्वचितच गळतो. गळतो तो सांध्यातून. त्यामुळे सांधे जितके कमी तितकं चांगलं, आणि वळण शक्य तिथे एल्बो न घालता पाइपच वाकवून काढावं.

तांब्याचा पाइप चाकाच्या कटरने कापला की कडा आत वळते आणि तोंड अरुंद होतं. ती कड खरवडून काढायची आणि कीस आत पडू द्यायचा नाही. तो कीस शेवटी बॉयलरच्या गॅस व्हॉल्व्हच्या जाळीवर जाऊन बसतो. झाळून केलेल्या सांध्यात फ्लक्स, म्हणजे झाळण्याआधी लावायचा लेप, बेताने, आणि तो पाइपाच्या टोकाला लावायचा, फिटिंगच्या आत भरायचा नाही. सांधा निवला की बाहेरचा उरलेला फ्लक्स ओल्या फडक्याने पुसून काढायचा. तो आम्लधर्मी असतो, ठेवला तर काही महिन्यांत तिथे हिरवट डाग दिसतो आणि तांबं खायला सुरुवात होते. आणखी एक धोका असा, की फ्लक्सचा थर बारीक भोक तात्पुरतं बुजवून ठेवतो. चाचणीच्या दिवशी सांधा पक्का वाटतो आणि थर झिजल्यावर गळू लागतो. काही देशांत गॅससाठी साधं सोल्डर चालत नाही, जास्त तापमानाला वितळणाऱ्या धातूनेच झाळावं लागतं.

यंत्राने दाबून बसवायच्या प्रेस फिटिंगमध्ये आतली रबरी कडी महत्त्वाची. गॅससाठीची कडी पिवळी असते आणि फिटिंगवरही पिवळी खूण असते. पाण्याच्या फिटिंगमधली काळी कडी गॅससाठी नसते. हायड्रोकार्बनमुळे ते रबर फुगतं आणि खराब होतं. बाहेरून दोन्ही फिटिंग जुळ्या भावंडांसारख्या दिसतात, म्हणून भिंत बुजवण्याआधी प्रत्येकीवरची पिवळी खूण डोळ्यांनी पाहून घ्यावी. पाइप पूर्ण आत गेला की नाही हे कळावं म्हणून दाबण्याआधी पाइपावर खोलीची रेघ मारतात. ती रेघच दिसत नसेल तर फिटरला विचारा.

लोखंडी पाइपाला आटे पाडून जोडताना कापायचं तेल पुसून टाकायचं आणि मग गॅससाठी मान्य असलेली टेफ्लॉन टेप किंवा पेस्ट लावायची. पाण्याच्या नळाला वापरतात ती पातळ पांढरी टेप इथे नको; गॅसची टेप जाड असते. ती आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळायची आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचे तुकडे आत निघून पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. निमुळते आटे पान्याने आवळल्यावर दिशा जुळवण्यासाठी मागे फिरवायचे नाहीत. पाव फेरा मागे गेला तरी सील मोडतं. सांधा पूर्ण उघडून, पुसून, नव्या टेपने पुन्हा करावा लागतो.

बॉयलरच्या कॉकला मात्र बहुधा सपाट तोंडाचा, वायसरवर बसणारा जोड असतो. तिथे आट्यांना टेप गुंडाळण्याचा काहीच उपयोग नाही, कारण गॅस वायसर अडवतो. उलट जाड टेपमुळे नट शेवटपर्यंत बसत नाही आणि वायसर नीट दाबला जात नाही. हातात आलेला जुना वायसर पुन्हा घालू नये. नट आणि रिंगचे कम्प्रेशन सांधे जिथे हात पोचतो तिथेच. भिंतीत, फरशीखाली ते चालत नाहीत. त्यांना हाताने घट्ट केल्यावर साधारण एक ते सव्वा फेरा पुरतो. जोर लावून जास्त आवळलं की रिंग पाइपाला चेपते आणि गळती तिथूनच सुरू होते.

पाइपाची वाट

भिंतीतून आरपार जाणारा पाइप बाहीतून, म्हणजे थोड्या मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून न्यायचा. बाहीच्या आत सांधा नको. बाहीचं घरातलं तोंड लवचीक सीलंटने बंद आणि बाहेरचं उघडं ठेवायचं. भिंतीच्या पोटात गळती झालीच तर गॅसने घरात न येता बाहेर जावं. झिरी मारून पाइप गिलाव्याखाली बुजवायचा असेल तर त्याला प्लॅस्टिकचं आवरण हवं, कारण सिमेंटमधले क्षार तांबं आणि लोखंड दोन्ही खातात. झिरी बुजवण्याआधी चाचणी झालीच पाहिजे. पाइपाशेजारी टेप धरून फोटोही काढून ठेवा. पाच वर्षांनी खिळा ठोकताना तो कामी येतो.

विजेच्या वायरीपासून किमान २५ मिलिमीटर आणि विजेच्या मीटर-स्विचपासून १५० मिलिमीटर अंतर ठेवतात. २२ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप आडवा असेल तर दर २ मीटरला, उभा असेल तर दर अडीच मीटरला क्लॅम्प लागतो. गॅस पाइप घराच्या अर्थिंगला जोडलेला हवा: गॅस मीटरच्या पुढे साधारण ६० सेंटिमीटरच्या आत, पहिल्या फाट्याआधी. पण याचा अर्थ गॅस पाइपच अर्थिंग म्हणून वापरायचा असा नाही; ते कधीच करू नये. वापरातला पाइप कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंना क्लिप लावून जाड वायर जोडतात. घरात विजेचा दोष असेल तर पाइप विलग होताना ठिणगी पडू शकते आणि तीही नेमकी गॅसच्या तोंडाशी. ही वायर न लावता करवत उचलणाऱ्या फिटरला थांबवायला संकोचू नका.

गळतीची चाचणी

चाचणीला योग्य गेज, म्हणजे दाबमापक, लागतो. ० ते १० बारचा काट्याचा गेज इथे निरुपयोगी आहे. त्याची सगळ्यात लहान खूण २०० मिलीबारची असते आणि आपला पूर्ण दाबच २० मिलीबार. काटा जागचा हलणारसुद्धा नाही. हवा तो पाण्याचा यू-गेज किंवा मिलीबारचे दशांश दाखवणारा, वेळोवेळी तपासून घेतलेला डिजिटल मॅनोमीटर.

यू-गेज फार प्रामाणिक साधन आहे. यू आकाराची पारदर्शक नळी, निम्म्यापर्यंत पाणी. दोन्ही तोंडं उघडी असताना दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीवर, शून्यावर. एक तोंड पाइपाला जोडून दाब दिला की एका बाजूचं पाणी खाली जातं आणि दुसऱ्या बाजूचं वर चढतं. दाब मोजायचा तो दोन पातळ्यांमधल्या पूर्ण अंतरावरून. १ मिलीबार म्हणजे १०.२ मिलिमीटर पाणी, म्हणून २० मिलीबारला २०४ मिलिमीटर अंतर: १०२ वर, १०२ खाली. एकाच बाजूचं अंतर मोजलं तर निम्माच दाब धरला जातो, आणि ही चूक सर्रास होते. काही गेजच्या पट्टीवर खुणाच अशा छापलेल्या असतात की एका बाजूचं वाचन पूर्ण दाब दाखवतं, म्हणून पट्टी आधी वाचून घ्यावी. डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि पाण्याच्या वाटीदार पृष्ठभागाचा तळ वाचायचा. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तो आधी टिचकी मारून बाहेर काढायचा.

नवीन पाइपाची मजबुती पारखण्यासाठी जास्त दाबाची चाचणी असेल, तर ती बॉयलर जोडण्याआधी करतात, पाइपाचं टोक टोपीने बंद करून. नुसता बॉयलरचा कॉक बंद करून चालत नाही. तो थोडा जरी गळका असेल तर जास्त दाब बॉयलरच्या गॅस व्हॉल्व्हवर जातो आणि त्याचा पडदा फाटू शकतो. दाब हवेने किंवा नायट्रोजनने द्यायचा. ऑक्सिजनने कधीच नाही, कारण आट्यांवर उरलेलं तेल दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये आपोआप भडकू शकतं. अमेरिकेतल्या प्रचलित नियमात चालू दाबाच्या किमान दीडपट आणि कुठल्याही परिस्थितीत ३ पीएसआयपेक्षा, म्हणजे सुमारे २०७ मिलीबारपेक्षा कमी नाही, असा दाब देऊन एका कुटुंबाच्या घरासाठी किमान १० मिनिटं थांबतात.

मीटर जोडून चालू दाबावर करायची चाचणी वेगळी. ब्रिटनमधली पद्धत समजायला सोपी आहे. शेगडी, बॉयलर, सगळ्यांच्या चाव्या बंद; उपकरणांच्या आधीचे कॉक उघडे. मीटरच्या टेस्ट पॉइंटला, म्हणजे दाब मोजायच्या छोट्या तोंडाला, गेज. आधी मुख्य कॉकचीच झडती घ्यायची: दाब ७ ते १० मिलीबारवर आणून कॉक बंद करायचा आणि एक मिनिट बघायचं. बंद कॉक असूनही पाणी वर चढत गेलं तर कॉक आतून गॅस सोडतोय. ही पायरी गाळली तर पुढची चाचणी खोटी ठरते. एकीकडे पाइप गळतो, दुसरीकडे कॉक भर घालतो, आणि गेजवर पाणी स्थिर. घरात गळती आहे आणि कागदावर पास.

कॉक पक्का निघाला की दाब हळूहळू २० ते २१ मिलीबारवर न्यायचा, कॉक बंद करायचा, एक मिनिट तापमान स्थिरावू द्यायचं आणि मग दोन मिनिटं बघायचं. नवीन पाइपावर दिसण्याइतकी घट चालत नाही.

ते एक मिनिट कशासाठी, हे नीट समजून घ्या. बंद पाइपातल्या गॅसचं तापमान १ अंशाने बदललं तर दाब सुमारे साडेतीन मिलीबारने बदलतो. एका अंशाला साडेतीन! चाचणी चालू असताना पाइपावरचं ऊन गेलं, कुणी ठेवलेला हात काढला, किंवा नुकताच झाळलेला सांधा निवत असला, तर गेज गळतीसारखंच वागतं. ऊन वाढत असेल तर उलटं घडतं आणि तेच जास्त वाईट: गळतीमुळे पडणारा दाब उन्हामुळे भरून निघतो आणि चूक झाकली जाते. म्हणून झाळकाम पूर्ण निवल्याशिवाय चाचणी घेऊ नये, आणि शंका आली तर सावलीच्या वेळी पुन्हा घ्यावी.

पाइपाच्या पोटात किती जागा आहे यावरही घट अवलंबून असते. १२ मीटर लांब, २२ मिलिमीटर पाइपात सुमारे ३.८ लिटर गॅस मावतो. दोन मिनिटांत १ मिलीबार घट म्हणजे सुमारे ४ मिलिलिटर गॅस बाहेर गेला, तासाला १२० मिलिलिटर. आता त्याच पाइपाला मीटर जोडला आणि मीटरच्या पोटात ८ लिटर जागा आहे असं धरा. गळती तीच, पण घट एक तृतीयांश दिसेल. त्यामुळे नवा पाइप आधी एकटा तपासावा आणि नंतर मीटरसकट, असं आमचं ठाम मत आहे.

घट दिसली तर आधी गेजची रबरी नळी आणि टेस्ट पॉइंट तपासायचे. अर्ध्या वेळचा घोळ तिथेच असतो. मग बॉयलरआधीचा कॉक बंद करून पुन्हा दोन मिनिटं, नंतर शेगडीआधीचा. कुठला कॉक बंद केल्यावर घट थांबते त्यावरून गळतीची बाजू कळते. नेमकी जागा गळती शोधायच्या फवाऱ्याने काढायची. भांड्यांचा साबण चालवू नये, त्यातले काही घटक पितळेला सूक्ष्म तडे पाडतात. फवाराही काम झाल्यावर पुसून टाकायचा. काडी पेटवून गळती शोधणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

घरच्या घरी सगळं बंद करून मीटरचा शेवटचा आकडा तासभर बघणं चांगली सवय आहे, पण ती या चाचणीची जागा घेत नाही. जी४ मापाच्या घरगुती मीटरची नेमकं मोजण्याची खालची मर्यादा तासाला ४० लिटर असते. त्याखालची गळती तो दाखवीलच असं नाही.

गॅस भरताना

चाचणीनंतर पाइपात हवा असते आणि तिच्या जागी गॅस भरायचा असतो. या मधल्या काही क्षणांत पाइपातलं मिश्रण त्या ५ ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यातून जातंच, टळत नाही. म्हणून खिडक्या उघड्या, विजेची बटणं न चालू न बंद, ठिणगी किंवा ज्योत नाही, आणि शेवटच्या टोकापाशी माणूस उभा. बाहेर सोडायची नळी लावता आली तर सर्वांत उत्तम. पाइप आणि मीटर मिळून जितकी जागा आहे त्याच्या किमान दीडपट गॅस जाऊ द्यायचा. १२ लिटर असेल तर १८ लिटर, मीटरवर मोजून. बॉयलरचं बटण पुन्हा पुन्हा रिसेट करून हवा काढण्याची पद्धत टाळावी. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात अर्धवट मिश्रण बर्नरपाशी जातं आणि पुढची ठिणगी त्यालाच लागते.

चालू दाबाची परीक्षा

बंद असताना पाइपात गॅस वाहत नाही, आणि वाहत नसेल तर दाबही पडत नाही. टाचणीच्या भोकाइतक्या पाइपातूनसुद्धा बंद बॉयलरपाशी पूर्ण २१ मिलीबार दिसेल. म्हणून बंद अवस्थेतला दाब दाखवून “दाब चांगला आहे” असं कुणी म्हणालं तर ते अपुरं आहे.

बॉयलरच्या गॅस व्हॉल्व्हवर आत येणाऱ्या बाजूला एक लहान टेस्ट निपल असतो. त्याचा स्क्रू ढिला करून गेजची नळी चढवायची. मग बॉयलर पूर्ण ताकदीने चालवायचा, सर्व्हिससाठीचा मोड वापरून किंवा गरम पाण्याचे नळ पूर्ण सोडून, आणि त्याच वेळी शेगडीचे सगळे बर्नरही पेटवायचे. आता वाचलेला दाब खरा. मीटरच्या टोकाला त्याच क्षणी दाब मोजून दोन्हींची तुलना करायची. मीटरपासून बॉयलरच्या कॉकपर्यंत घट १ मिलीबारच्या आत हवी. कॉक आणि बॉयलरच्या आतल्या नळीत आणखी थोडी होते, ती किती चालते हे पुस्तकात दिलेलं असतं.

मीटरपाशी २१ आणि बॉयलरपाशी १७ असेल तर पाइप बारीक आहे, लांब आहे किंवा आत काहीतरी अडकलंय. अर्धवट उघडा राहिलेला कॉकही हेच दाखवतो, म्हणून आधी त्याची दांडी पाइपाच्या रेषेत आहे का ते पाहावं. मीटरपाशीच १७ असेल तर दोष तुमच्या पाइपात नाही. गॅस पुरवणाऱ्याला कळवायचं. रेग्युलेटरवरचं सील तोडून दाब वाढवायचा नाही, त्याने बारीक पाइपाचा दोष बुजत नाही आणि बंद अवस्थेतला दाब मात्र धोक्याच्या पातळीवर जातो.

यानंतर बाकी सगळं बंद करून, एकटा बॉयलर पूर्ण जोरात ठेवून, मीटरवर दोन मिनिटांत किती गॅस गेला ते मोजायचं. ०.०८८ घनमीटर गेला असेल तर ३० ने गुणून तासाला २.६४. घनमीटरला साधारण १०.७ किलोवॉट-तास उष्णता धरली तर २८ किलोवॉट. पुस्तकात आकडा बहुधा निव्वळ उष्णतेवर, म्हणजे धुरातल्या वाफेत जाणारी उष्णता वगळून, दिलेला असतो, म्हणून त्याला १.१ ने भागायचं: सुमारे साडेपंचवीस. पुस्तकातल्या आकड्याच्या खूप खाली असेल तर गॅस पुरत नाही, वर असेल तर व्हॉल्व्हची मांडणी चुकली आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी फिटर यंत्राने करतो, आणि त्या वायूचा अलार्म घरात हवाच. या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही.

निघताना तो टेस्ट निपलचा स्क्रू पुन्हा आवळायचा आणि त्यावर फवारा मारून बघायचा, बॉयलर चालू असतानाच. पूर्ण काम नीट झालेल्या घरात शेवटी गळतो तो नेमका हा स्क्रू. पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा; गेज काढताना घाईत अर्धा फेरा कमी आवळला जातो आणि वर बॉयलरचं झाकण बसतं.

मग एका कागदावर लिहून घ्या: चाचणीची तारीख, चाचणीचा दाब, दोन मिनिटांनंतरचा दाब, मीटरपाशी आणि बॉयलरपाशी चालू दाब, दोन मिनिटांतला गॅस, फिटरचा परवाना क्रमांक. मुख्य कॉक कुठे आहे तेही त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि बॉयलरच्या शेजारी लावा. रात्री अडीच वाजता वास आला तर घरातल्या कुणालाही दिवा न लावता, खिडकी उघडत जाऊन तो कॉक आडवा करता आला पाहिजे, आणि फोन घराबाहेर पडल्यावरच करायचा.